तंबाखूचा भुर्दंड

लग्नाच्या जाहिराती वाचण्याचा मला नाद आहे. घरात उपवर मुलगी नाही, मुलगा अजून शाळेत जातो. तरी रविवारच्या अंकातले ते पान मी मराठीचा अध्यापक या नात्याने नेमाने वाचतो. थोडक्यात पुष्कळ कसे सांगावे हे वर्गात शिकविण्यासाठी त्याच्यासारखा उतारा नाही. या जाहिरातींतले सारे बदलले. पगाराचे आकडे बदलले, अपेक्षा बदलल्या, मुलींच्या अटी तर पार बदलल्या. पण 'निर्व्यसनी' हा शब्द जागचा हललेला नाही. "मुलगा निर्व्यसनी आहे ना?" असे वधूपित्याने विचारावयाचे आणि मुलाच्या मामाने "अहो, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही!" असे ठासून सांगावयाचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज.

हाच प्रश्न आरोग्यविम्याच्या कंपन्याही विचारतात. फरक इतकाच की, मामाचे उत्तर ऐकून वधूपिता चहाकडे वळतो. कंपनी ते उत्तर कागदावर लिहून घेते आणि खाली सही मागते.

या बाबतीत अमेरिकेचा कायदा मोठा पाहण्यासारखा आहे. तिकडे २०१० साली ओबामांच्या कारकिर्दीत आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला आणि त्यातील हप्त्यांविषयीचे नियम २०१४ पासून लागू झाले. त्यापूर्वी बहुतेक राज्यांत स्वतःपुरता विमा घेऊ पाहणाऱ्या माणसाची कंपन्या अगदी उलटतपासणी घेत. मधुमेह आहे? हप्ता वाढला. पूर्वी कर्करोग झाला होता? दार बंद. नव्या कायद्याने हे सारे मोडून काढले. किरकोळ ग्राहकाचा हप्ता ठरविताना कंपनीने चारच गोष्टी पाहाव्यात असे ठरले: त्याचे वय, त्याचे राहण्याचे ठिकाण, विमा एकट्याचा की कुटुंबाचा, आणि तो तंबाखू वापरतो की नाही. वयस्क माणसाचा हप्ता तरुणाच्या तिपटीवर नेता येत नाही. तंबाखूवाल्याचा हप्ता इतरांच्या दीडपटीपर्यंत नेता येतो.

माणसाच्या वागणुकीपैकी तंबाखू ही एकच गोष्ट या यादीत शिल्लक राहिली, हे ध्यानात घ्यावे. रोज रात्री बाटली रिकामी करणारा, जिलब्यांवर ताव मारून रक्तातली साखर वाढवून घेणारा, मोटार भरधाव हाकणारा, यांपैकी कोणाच्याही हप्त्याला या कायद्याने धक्का लागत नाही. भुर्दंड फक्त तंबाखूला. इंग्रजीत याला 'सरचार्ज' म्हणतात आणि शासकीय मराठीत 'अधिभार'. मला विचाराल तर 'भुर्दंड' हाच शब्द खरा. देणाऱ्याच्या कपाळावरची आठी त्यात दिसते.

बरे, तंबाखू वापरणारा म्हणजे कोण? कायद्याने याची व्याख्या केली आहे. गेल्या सहा महिन्यांत सरासरीने आठवड्यातून चार किंवा अधिक वेळा तंबाखूचा कोणताही पदार्थ वापरणारा तो तंबाखूवाला. सिगारेट, चिरूट, पाईप, चघळावयाची तंबाखू, सारे त्यात आले. एक अपवाद मात्र ठेवला आहे, तो धार्मिक किंवा विधीच्या वापराचा. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या जमातींत तंबाखू पवित्र मानतात. प्रार्थनेत आणि विधीत ती लागते. तो वापर मोजावयाचा नाही. ज्या लोकांनी जगाला तंबाखू दाखविली, त्यांच्यापुरती तरी तिची अब्रू कायद्याने राखली म्हणावयाची.

आता या भुर्दंडाचे गणित पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, एका गृहस्थाचा महिन्याचा हप्ता ४०० डॉलर आहे. उत्पन्न बेताचे म्हणून सरकार त्यातले ३०० डॉलर स्वतः भरते. उरले १००. आता हाच गृहस्थ सिगारेट ओढणारा निघाला आणि कंपनीने पुरता दीडपट हप्ता लावला, तर हप्ता झाला ६००. वरच्या दोनशेंपैकी सरकार किती देते? एक छदामही नाही. सरकारी मदत तंबाखूविरहित हप्त्यावरच मोजतात. म्हणजे त्याने भरावयाचे १०० चे ३०० झाले. कायदा 'दीडपट' म्हणतो आणि गरिबाच्या खिशाला ती तिप्पट लागते! श्रीमंताला मदतच नसते, तेव्हा त्याची दीडपट ही दीडपटच राहते. तिकडे सिगारेट ओढणाऱ्यांत कमी शिकलेले आणि कमी मिळकतीचे लोकच अधिक आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या हिशेबातली मेख कळते.

म्हणूनच की काय, सगळ्या राज्यांनी हा भुर्दंड मानलेला नाही. राज्यांना तो कमी करण्याची किंवा साफ नाकारण्याची मुभा आहे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, व्हरमाँट ही राज्ये आणि राजधानीचे वॉशिंग्टन यांनी तो नाकारला. आर्कान्सासने तो वीस टक्क्यांवर आणून ठेवला. केंटकी हा तंबाखूच्या शेतीचा प्रांत. तिथे मर्यादा चाळीस टक्क्यांची. आपल्या निपाणीला हा विषय निघाला असता तर किती टक्के ठरले असते, कोण जाणे!

मॅसॅच्युसेट्सचे नाव या यादीत पाहून मला जरा मौज वाटली. कारण या सगळ्या प्रकाराची सुरुवात एका परीने तिथेच झाली. तंबाखू आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते १९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल या दोघा संशोधकांनी दाखविले. त्याच वर्षी अमेरिकेतही विंडर आणि ग्रॅहॅम यांनी तेच सांगितले. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांचा अहवाल निघाला आणि सरकारनेच ही गोष्ट कबूल केली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील स्टेट म्युच्युअल या आयुर्विमा कंपनीने न ओढणाऱ्यांना स्वस्त हप्ता देऊ केला. ओढणाऱ्याला दंड म्हटले नाही, न ओढणाऱ्याला सूट म्हटले. व्यापारी माणसाची जीभ गोड असते. हिशेब तोच; पण दंड भरणारा चिडतो आणि सूट मिळालेला शेजाऱ्याला सांगत सुटतो.

राजेलोकांना मात्र गोड बोलण्याची गरज नव्हती. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूची निंदा करणारी पुस्तिका स्वतः लिहिली आणि त्याच वर्षी तिच्यावरची जकात पौंडामागे दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. त्याच सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने आपल्या विजापुराहून तंबाखू आणि सुंदर चिलीम अकबराच्या दरबारी नेली. बादशहाने झुरका घेतला, हकीम घाबरला, आणि दरबारात वाद झाला. तो वाद अजून संपलेला नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

हा भुर्दंड न्याय्य आहे काय? माझ्या स्टाफरूममध्ये यावर एकदा चांगलीच जुंपली. अर्थशास्त्राचे आमचे सहकारी म्हणाले, "का नको? तो धूर काढणार, आजारी पडणार आणि त्याचं बिल आम्ही का भरायचं?" वरवर पाहता मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्यांच्याच शास्त्राने त्यात पाचर मारून ठेवली आहे. १९९७ साली नेदरलँड्समधील तिघा संशोधकांनी एक हिशेब प्रसिद्ध केला. कोणतेही एक वर्ष घेतले, तर त्या वयाच्या इतरांपेक्षा ओढणाऱ्याचा औषधपाण्याचा खर्च जास्त; पण सबंध आयुष्याची बेरीज केली तर न ओढणाऱ्याचाच जास्त! कारण उघड आहे. ओढणारा लवकर जातो, आणि म्हातारपणाचे लांबलचक आजार दुसऱ्यांसाठी ठेवून जातो.

या हिशेबाचे काय करावे हे भल्याभल्यांना कळत नाही. २००१ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने चेक प्रजासत्ताकात असाच एक अहवाल तयार करवून घेतला. ओढणारे लवकर मरतात म्हणून सरकारचे पेन्शनचे आणि दवाखान्याचे पैसे वाचतात, सबब सिगारेटमुळे सरकारी तिजोरीचा फायदाच होतो, असा त्याचा मथितार्थ. जगभर छीथू झाली आणि कंपनीला माफी मागावी लागली. मला वाटते, माणसाच्या मरणाची वजाबाकी करून शिल्लक काढणारा हिशेब अंकगणितात बरोबर असला, तरी घरात वाचून दाखविण्याजोगा नसतो. पण मग 'त्याचे बिल आम्ही का भरायचे' हा हिशेबही तितक्याच सावधपणे मांडला पाहिजे. विम्याचा अर्थच मुळी एकाचे बिल अनेकांनी भरणे हा आहे.

दुसरी बाजू सुधारणेची. भुर्दंड लावला म्हणजे माणूस सिगारेट सोडील, ही आशा. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी हे तपासून पाहिले, तेव्हा निराळेच आढळले. जिथे भुर्दंड जबर होता, तिथे ओढणाऱ्यांपैकी कित्येकांनी विमाच घेतला नाही. सिगारेट सोडण्याचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले नाही. म्हणजे ज्याला डॉक्टरची गरज सर्वांत जास्त, तोच दाराबाहेर राहिला. अमेरिकेत १९६५ साली शंभर प्रौढांमागे सुमारे बेचाळीस जण सिगारेट ओढत. २०२२ साली ते बारांवर आले. हे जे घडले त्यामागे सिगारेटवरील कर, सार्वजनिक जागांतील बंदी, शाळांतून झालेला प्रचार, डॉक्टरांची मदत अशी पुष्कळ कारणे आहेत. बहुतेक घसरण तर या विम्याच्या भुर्दंडाच्या आधीच होऊन गेली होती.

हे झाले स्वतः विमा घेणाऱ्यांचे. अमेरिकेत पुष्कळांना विमा नोकरीतून मिळतो, आणि तिथले नियम निराळे आहेत. माझा एक भाचा ओहायो राज्यात एका कंपनीच्या हिशेबखात्यात आहे. घरातून निघताना निर्व्यसनी होता. तिकडच्या थंडीने म्हणा की एकटेपणाने म्हणा, सिगारेट लागली. त्याच्या कंपनीत दर वर्षी विम्याचा फॉर्म येतो. तंबाखू वापरतो असे लिहिले, तर पगारातून महिन्याला ७५ डॉलर जास्त कापणार. वर्षाचे नऊशे. आमच्या सूनबाई म्हणाल्या, "नाही म्हणून लिहा. कोण बघायला येतंय?" भाच्याने मला फोन केला. मी मराठीचा माणूस, विम्यातले मला काय कळणार? पण त्याने कंपनीची पुस्तिका पाठविली आणि मी ती एखाद्या पोथीसारखी शेवटपर्यंत वाचली.

तिच्यात आणि तिच्यामागच्या सरकारी नियमांत एक फारच नामी गोष्ट सापडली. मालकाला असा भुर्दंड लावावयाचा असेल, तर त्यातून सुटण्याचा एक रास्त पर्यायी मार्ग कामगाराला द्यावाच लागतो, आणि तो आहे हे कागदावर स्पष्ट सांगावे लागते. बहुधा हा मार्ग म्हणजे तंबाखू सोडण्याचा वर्ग. वर्ग पुरा केला की भुर्दंड माफ, मग सिगारेट सुटलेली असो वा नसो! आमच्या कॉलेजात हजेरी भरली की टर्म ग्रँट होते आणि विद्यार्थ्याला काय समजले हे कोणी विचारीत नाही, तसाच हा मामला. मी हसलो खरा. पण विचार केला तेव्हा हे कलम शहाणपणाचे वाटले. व्यसन हे आज्ञेने सुटत नाही. प्रयत्न करणे माणसाच्या हाती आहे, आणि दंडाची माफी प्रयत्नावर ठेवली आहे.

भाच्याने 'होय' असे लिहिले, फोनवरून चालणारा वर्ग धरला आणि मे महिन्यात पुरा केला. कंपनीने जूनपासून कपात थांबविली. पण २०१३ चे सरकारी नियम असे आहेत की, वर्षाच्या मध्यात वर्ग पुरा झाला तरी सूट सबंध वर्षाची मिळाली पाहिजे. भाच्याने तसे पत्र लिहिले. दोन महिने उत्तर नाही. दुसरे पत्र गेले, तेव्हा पाच महिन्यांचे ३७५ डॉलर परत आले. याच गोष्टीवरून तिकडे बरेच खटले झाले आहेत; २०१७ साली तर कामगार खात्याने एका मोठ्या दुकानसाखळीला कोर्टात खेचले होते. सिगारेट सुटली का, असे मी विचारले. "मामा, दिवसाला दोन होत्या, आता आठवड्याला दोन आहेत," तो म्हणाला. सूनबाईंचा आकडा निराळा आहे.

काही मालक नुसत्या सहीवर विश्वास ठेवीत नाहीत. निकोटिन शरीरात गेले की त्याचे कोटिनीन होते, आणि ते थुंकीत, लघवीत, रक्तात काही दिवस सापडते. तपासणी केली की चोरी उघडकीला येते. गंमत अशी की, सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनची चिकटपट्टी दंडावर लावणारा माणूसही या तपासणीत सापडतो.

आता आपल्या घराकडे वळतो. कारण याच प्रश्नाने आमच्या थोरल्या वहिनींना चांगलेच पोळले.

इंग्रजीत 'तंबाखू वापरता का' हा एक प्रश्न झाला. मराठीत तो एक नाही. आपल्याकडे विडी ओढतात, तंबाखू मळतात आणि दाढेला धरतात, तपकीर ओढतात, आणि मिश्री लावतात. प्रत्येकाचे क्रियापद वेगळे, आणि क्रियापदाबरोबर प्रतिष्ठाही वेगळी. ओढणे हे पुरुषांचे. खाणे हे गड्यांचे, असे सांगलीकडच्या आमच्या घरातले मत. मिश्री लावणे हे मात्र दात घासण्यात जमा. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजावयाची, कुटून वस्त्रगाळ करावयाची, आणि सकाळी बोटाने हिरड्यांना चोळावयाची. सकाळच्या बोटाची मग दुपारी एकदा, रात्री एकदा अशी तीन बोटे होतात. पण तिला व्यसन म्हणाल तर बायका तुम्हांला हसतील. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे जेमतेम चार जण धूम्रपान करणारे आढळले आणि धूरविरहित तंबाखू घेणारे चोवीसाहून अधिक; बायकांत हे प्रमाण शेकडा सतरा होते. त्या सतरांतल्या कितीजणी स्वतःला 'तंबाखू खाणारी' म्हणतील?

वहिनींचा विमा २०२१ साली पुतण्याने काढला. फॉर्म इंग्रजी. एजंटाने विचारले, "आई सिगारेट, तंबाखू, दारू?" पुतण्या म्हणाला, "छे हो! आमची आई पानसुद्धा खात नाही." तीनही ठिकाणी 'नाही' पडले. खाली वहिनींची मराठी सही, आणि 'सर्व मजकूर प्रस्तावकास तिच्या भाषेत समजावून सांगितला' असा दाखला एजंटाच्या हस्ताक्षरात. समजावून कोणीच सांगितले नव्हते.

२०२३ साली वहिनींच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला आणि तो भरेना. डॉक्टर आमच्याच भागातले होते. त्यांनी 'तंबाखू' हा शब्दच काढला नाही, "मिश्री किती वर्षं लावता?" असे विचारले. वहिनी मोकळेपणाने म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून." केसपेपरवर तसे लिहिले गेले. तुकडा तपासला, रोग पहिल्या पायरीवर होता, शस्त्रक्रिया नीट झाली, देवाची कृपा. बिल झाले दोन लाख दहा हजार. कंपनीने केसपेपर पाहिला, फॉर्म पाहिला, आणि माहिती लपविल्याचे कारण देऊन एक पैही देण्याचे नाकारले.

अमेरिकेच्या कायद्याची आठवण मला इथे झाली. तिकडे किरकोळ विम्यात कोणी तंबाखूविषयी खोटे लिहिले आणि ते पुढे उघडकीला आले, तर कंपनी राहिलेला भुर्दंड मागील तारखेपासून वसूल करू शकते. पण त्या कारणावरून विमा रद्द करू शकत नाही. चोरी केली तर चोरीचे पैसे भरा, पण इस्पितळाचे दार बंद नाही. आपल्याकडे पॉलिसी सलग पाच वर्षे चालली, तर पुढे माहिती लपविल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी वगळली आहे. ही मुदत २०२४ पर्यंत आठ वर्षांची होती. वहिनींची तर दोनच वर्षे झाली होती.

पुतण्याने पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. तिथे फी पडत नाही आणि वकील चालत नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. मी अर्जाचे मराठी लिहून दिले. त्यात क्रियापदांचा सगळा प्रपंच मांडला आणि तो दाखला कोणाच्या हस्ताक्षरात आहे तेही लिहिले. सुनावणीला वहिनी स्वतः गेल्या. कंपनीच्या प्रतिनिधीने विचारले, "तुम्ही तंबाखू घेत होता की नाही?" वहिनी म्हणाल्या, "तंबाखू कशाला घेऊ? मिश्री लावते." समोरचे गृहस्थही मराठीच होते. ते गप्प बसले. शेवटी लोकपालांनी मध्यममार्ग काढला आणि एक लाख रुपये द्यावयास सांगितले. बाकीचे आम्ही भावांनी वाटून घेतले.

वहिनींनी मिश्री सोडली. सहज नव्हे, डबी फेकून दिल्यावरही चार महिने त्या सकाळी बोट हिरडीशी नेत, असे पुतण्याची बायको सांगते. यंदा त्यांनी दुसरी एक पॉलिसी घ्यावी असे ठरले. फॉर्म मराठीत मिळाला. त्यात सिगारेट, विडी, गुटखा, मिश्री अशी सगळी नावे होती. पुतण्या पेन घेऊन बसला, तेव्हा वहिनींनी चष्मा लावून तो प्रश्न स्वतः वाचला आणि म्हणाल्या, "लिही, २०२३ पर्यंत लावत होते. आणि किती वर्षं ते पण लिही." हप्ता वाढून आला. तो त्यांनी आपल्या पेन्शनमधून भरला.